मेक्सिको-कॅनडात जाऊन एच-१बी चं स्टॅम्पिंग: आता काय चालतं, काय नाही, अन् नागपूरहून करायचं तर कसं

परवा रात्री मावसभावाचा डलासहून व्हिडिओ कॉल. "दादा, तू २०२३ मध्ये मेक्सिकोत जाऊन स्टॅम्पिंग करून आला होतास नं, मलाही सांग ना कसं केलं, मी तिकिटं पाहून राहिलो." म्हटलं थांब बे, तिकीट काढू नको, तो रस्ता आता बंद आहे. त्याला पाऊण तास समजावलं. (एच-१बी म्हणजे अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा, अन् स्टॅम्पिंग म्हणजे तो पासपोर्टात चिकटवून घेणं.) दुसऱ्या दिवशी त्याच्या रूममेटचा फोन, तिसऱ्या दिवशी आमच्या मनीष नगरातल्या काकू घरी आल्या, त्यांची सून एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या घरच्यांना मिळतो त्या व्हिसावर आहे. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. मी वकील नाही, तिकडे सात वर्षं काढून नागपुरात परत आलेला माणूस आहे, त्यामुळे तुमची केस जरा वाकडी असेल (अटक, ओव्हरस्टे, मधेच नोकरी गेली वगैरे) तर कंपनीच्या वकिलालाच विचारा.

सगळ्यात पहिले स्टॅम्प अन् स्टेटस यातला फरक डोक्यात बसवून घ्या, कारण अर्धे लोक इथेच गडबड करतात. पासपोर्टात चिकटवलेला व्हिसा म्हणजे लग्नाची पत्रिका, ती दाखवून मंडपात शिरायचं. पण मुक्कामाला खोली किती दिवस मिळणार हे कार्यालयाचा मॅनेजर त्याच्या वहीत लिहितो, ती वही म्हणजे आय-९४. आत शिरल्यावर पत्रिकेची तारीख उलटून गेली तरी कोणी बाहेर काढत नाही, वहीतली तारीख उलटली की मात्र काढतात. व्हिसा एक्स्पायर झाला म्हणून रात्र रात्र न झोपणारे पाहिले मी, अन् आय-९४ कधी उघडूनही न पाहिलेले तर त्याहून जास्त पाहिले, त्यात मी स्वतःही होतो. ते पुढे सांगतो.

तर स्टेप पहिली. कुठलंही तिकीट बघायच्या आधी एक कोरा कागद घ्या अन् त्यावर चार तारखा लिहा: पासपोर्ट कधी संपतो, व्हिसाचा स्टॅम्प कधी संपतो, आय-७९७ म्हणजे कंपनीच्या पिटिशनचं अप्रूव्हल कुठपर्यंत आहे, अन् आय-९४ कुठपर्यंत आहे. आय-९४ दोन ठिकाणी असू शकतं हे लक्षात ठेवा. शेवटचं तुम्ही बाहेरून आत आलात तेव्हाचं सीबीपीच्या (सीमेवर तपासणी करणारं अमेरिकेचं खातं) साइटवर पासपोर्ट नंबर टाकून निघतं, अन् अमेरिकेत असतानाच एक्स्टेन्शन झालं असेल तर ते आय-७९७ च्या खालच्या भागात छापलेलं असतं. जे नंतर मिळालेलं, ते साधारण लागू. साधारण म्हणतोय कारण एक्स्टेन्शन मिळाल्यावर तुम्ही बाहेर जाऊन आलात तर आत येतानाचं नवीन आय-९४ वर चढतं, अन् तिथे ऑफिसरने जुन्या पिटिशनची तारीख टाकली तर तुम्ही नवीन अप्रूव्हल फाइलमध्ये घेऊन बसलात तरी गोंधळ होतोच. म्हणून परत येताना नवीन आय-७९७ हातात ठेवा अन् न विचारता पुढे करा.

आता माझी फजिती. मी एका सुट्टीनंतर परत गेलो, पिटिशनची अजून अडीच वर्षं बाकी होती, काउंटरवर दोन प्रश्न, शिक्का, बाहेर. पण माझा पासपोर्ट वर्षभरातच संपणार होता. ऑफिसर पासपोर्टच्या पुढची तारीख देत नाही, पासपोर्ट जिथे संपतो तिथेच आय-९४ कापतो. मी पाहिलंच नाही. पुढे पासपोर्ट रिन्यू केला अन् वाटलं झालं काम, पण नवा पासपोर्ट आल्याने जुनं आय-९४ आपोआप लांबत नाही. वकिलाच्या ऑफिसातल्या बाईंनी दुसऱ्याच कामासाठी कागद मागितले तेव्हा कळलं की माझ्याकडे फक्त एकोणीस दिवस उरलेत. त्या आठवड्यात मला भूक नव्हती, बायकोने केलेलं पिठलंसुद्धा गळ्याखाली उतरत नव्हतं. आय-९४ च्या पलीकडे १८० दिवसांहून जास्त राहून मग देश सोडला तर ३ वर्षं बंदी लागते, वर्षभर किंवा जास्त राहिलं तर १० वर्षं. हे असं कोणी मुद्दाम करत नाही हो, न बघितल्यामुळे होतं.

चार तारखा लिहिल्या की तुम्ही कुठल्या गाडीत बसलेले आहात ते कळतं.

स्टॅम्प संपलाय, आय-९४ अन् आय-७९७ ठीक आहेत, अन् कुठे जायचं नाही? मग काहीच करू नका. खरंच सांगतो. निवांत राहा, काम करा, पगार घ्या. स्टॅम्पचा विचार बाहेर जायची वेळ येईल तेव्हा. नोकरी बदलली अन् स्टॅम्पवर जुन्या कंपनीचं नाव आहे पण तारीख शिल्लक आहे, तरी तो स्टॅम्प चालतो, सोबत नव्या कंपनीचं आय-७९७ ठेवायचं.

आता आय-९४ पासपोर्टामुळे कापलं गेलंय पण स्टॅम्प अजून जिवंत आहे, ही माझी केस. इथे शेजारच्या देशात चक्कर मारणं खरोखर कामाचं. मी तेच केलं. नवा पासपोर्ट, जुना पासपोर्ट (स्टॅम्प त्यातच होता, दोन्ही सोबत लागतात, जुन्या पासपोर्टातलं व्हिसाचं पान फाडूबिडू नका), मूळ आय-७९७, तीन पे स्लिपा, कंपनीचं पत्र. आधी कॅनडाचा व्हिसा काढून ठेवलेला होता म्हणून वाचलो, कारण आपल्या भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो अन् तो दोन दिवसांत मिळत नाही. ज्यांचं अमेरिकेत लांब राहायचं ठरलंय त्यांनी गरज नसतानाही कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा काढून ठेवावा असं माझं मत. मेक्सिकोचं सोपं आहे, अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर भारतीयाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण तोच अमेरिकेचा व्हिसा संपलेला असेल तर ही सवलत गेली, मग मेक्सिकोच्या कॉन्सुलेटमधून आधी व्हिसा घ्या.

नायगाराला रेनबो ब्रिजवरून गेलो, एक रात्र राहिलो, परत आलो. परत येताना महत्त्वाचं हे की जमिनीवरच्या नाक्यावर तुमचं जुनं आय-९४ अजून चालू दिसलं तर ऑफिसर नवीन देत नाही, हात हलवून जा म्हणतो. तुम्ही तसेच आलात तर पूर्ण चक्कर फुकट. मी गाडीतूनच सांगितलं की नवीन पासपोर्ट आहे, नवीन आय-९४ हवं, मग त्यांनी बाजूच्या इमारतीत पाठवलं, तिथे बसवून बोटांचे ठसे घेतले, आय-७९७ ची तारीख दोनदा बघितली अन् नवीन तारीख दिली. बाहेर येऊन पार्किंगमध्येच साइटवर चेक केलं, मग गाडी सुरू केली. जमिनीवरून येताना नव्या आय-९४ ची फी असते, माझ्या वेळी ६ डॉलर होती, ३० सप्टेंबर २०२५ पासून ती ३० डॉलर झाली. अर्ज आधीच ऑनलाइन भरून फी भरता येते, रांग वाचते. ज्यांना बाहेर जाणं शक्यच नाही त्यांनी वकिलाकडून आत बसून एक्स्टेन्शन टाकावं. अन् तारीख ऑफिसरच्याच चुकीने कमी पडली असेल तर सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन ऑफिसात जाऊन दुरुस्त करता येते, ते मोठ्या विमानतळांवर असतात.

तिसरी गाडी: स्टॅम्प संपलाय अन् कॅनडात चार दिवसांचं काम आहे, कॉन्फरन्स म्हणा, मामेबहिणीचं डोहाळजेवण म्हणा. यासाठी ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन नावाची सोय आहे, ती बऱ्याच जणांना ठाऊकच नसते. फक्त कॅनडा किंवा मेक्सिको, जास्तीत जास्त ३० दिवस, आय-९४ चालू असलं पाहिजे, अन् तिथे असताना नवीन व्हिसाचा अर्ज केलेला नसावा. एवढं असलं की संपलेला स्टॅम्प परत येण्यापुरता चालू धरला जातो. मधेच भारतात किंवा आणखी कुठे जाऊन आलात तर सोय गेली. एअरलाइनच्या काउंटरवरच्या पोरीला हे माहीत नसण्याची शक्यता दाट, ती म्हणणार व्हिसा एक्स्पायर्ड आहे, बसता येणार नाही. म्हणून सीबीपीच्या साइटवरचं त्या नियमाचं पान प्रिंट काढून ठेवा अन् आवाज न चढवता सुपरवायझरला बोलवा म्हणा. अन् ध्यानात घ्या, या सोयीने परत आलात तर उरलेल्या आय-९४ पुरतंच आत घेतात, नवीन लांब तारीख मिळत नाही. त्यामुळे ज्याचा स्टॅम्पही संपला अन् आय-९४ ही पासपोर्टामुळे कापलं गेलं, त्याचं या चकरेने काही भलं होत नाही.

आता मूळ मुद्दा, शेजारच्या देशात नवीन स्टॅम्प घेणं. हे आधी इतकं चालायचं की लोक त्याला सहलच म्हणायचे. एक काळ असा होता की अमेरिकेतच पोस्टाने पासपोर्ट पाठवून स्टॅम्प रिन्यू व्हायचा, बोटांच्या ठशांची अट आली अन् २००४ मध्ये ते बंद झालं. मग लोक मेक्सिको-कॅनडा धरू लागले. २०२४ च्या जानेवारी ते एप्रिलमध्ये २०,००० लोकांपुरता आतल्या आत रिन्यूअलचा पायलट, म्हणजे प्रयोग झाला, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता सुटलो, पण ते तेवढ्यावरच राहिलं. माझं २०२३ चं मेक्सिको सिटीचं असं झालं: एक दिवस ठसे अन् फोटो, दुसऱ्या दिवशी मुलाखत, मग पासपोर्ट कुरिअरने येईपर्यंत हॉटेलात. ते दिवस मी काय काढले मलाच ठाऊक. कारण तिथे एकदा अर्ज केला की वरची ३० दिवसांची सोय संपते, अन् २२१(जी) ची, म्हणजे आणखी कागद किंवा तपासणी हवी म्हणून व्हिसा थांबवल्याची चिठ्ठी हातात पडली तर तुम्ही ना इकडचे ना तिकडचे. भाड्याचं घर अमेरिकेत, पोरगी डेकेअरमध्ये, अन् तुम्ही परक्या देशात सुटकेसवर.

६ सप्टेंबर २०२५ पासून नियम आला की नॉन-इमिग्रंट (एच-१बी सारख्या, ठरावीक काळापुरत्या) व्हिसाची मुलाखत ज्याने त्याने आपल्या नागरिकत्वाच्या देशात किंवा जिथे कायदेशीर राहतो त्या देशातच द्यायची. तुम्ही अमेरिकेत राहता, कॅनडात नाही, म्हणून कॅनडा तुमचा राहण्याचा देश धरला जात नाही. तरीही स्लॉट दिसतो म्हणून फी भरणारे आहेत, अन् नाकारलं तर ती फी परतही मिळत नाही, दुसरीकडे वळतीही होत नाही. "आमच्याकडे सेटिंग आहे, मेक्सिकोत करून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर त्याला लांबूनच नमस्कार करा.

म्हणजे स्टॅम्प पाहिजे तर घरीच यायचं. मग नागपूरहून कसं करायचं ते बघू, हा भाग सावकाश वाचा.

तिकीट काढायच्या आधी अपॉइंटमेंट. उलटं करू नका, लग्नाची तारीख ठरली म्हणून येणारे सगळ्यात जास्त फसतात. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी अन् एच-४ वाल्यांचं सोशल मीडिया तपासणं सुरू झालं, त्यात भारतातल्या डिसेंबरच्या कितीतरी अपॉइंटमेंटा थेट २०२६ मध्ये ढकलल्या गेल्या. आमच्या गल्लीतला एक पोरगा साक्षगंधाला आला होता, तीन आठवड्यांचं सांगून, तो संक्रांतीचे तिळगूळ वाटूनही इथेच होता, रात्री नऊ ते पहाटे पाच लॅपटॉप अन् दिवसा झोप, आई बिचारी सगळ्यांना हळू बोला म्हणायची. म्हणून यायच्या आधी कंपनीला लेखी विचारून घ्या की अडकलो तर भारतातून किती दिवस काम करू देणार. पुष्कळ कंपन्यांची मर्यादा असते.

डीएस-१६० फॉर्म, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, भरताना नाव पासपोर्टाप्रमाणेच. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं (लग्नानंतर नवऱ्याचं) असतं, ते गिव्हन नेममध्ये आहे की नाही ते पासपोर्ट समोर ठेवून बघा, मनाने टाकू नका. फॉर्म वीसेक मिनिटं तसाच सोडला तर बाहेर फेकतो, ॲप्लिकेशन आयडी कागदावर लिहून ठेवा अन् मधे मधे सेव्ह करा. गेल्या ५ वर्षांत वापरलेले सगळे सोशल मीडिया हँडल टाकायचे, बंद पडलेलं असलं तरी, अन् आता अकाउंट पब्लिक ठेवायला सांगतात. लपवालपवी करू नका, उगाच घाईघाईत सगळं डिलीटही करत बसू नका. फॉर्म सबमिट केल्यावर काही चूक दिसली तर नवा फॉर्म भरावा लागतो, अन् त्याचा नंबर अपॉइंटमेंटच्या प्रोफाइलमध्ये बदलायचा राहिला तर गेटवर अडकता. फी एच कॅटेगरीला २०५ डॉलर, प्रत्येक माणसाची वेगळी, बायको-मुलांचे फॉर्मही वेगळे.

ड्रॉपबॉक्स (मुलाखत न देता नुसते कागद जमा करणं) विसरा. २ सप्टेंबर २०२५ पासून एच वाल्यांना मुलाखतीतून सूट नाही, १४ वर्षांखालच्या लेकरांनाही नाही.

फोटो २ बाय २ इंच, पांढरी पाठ, चष्मा काढून. इथे आपल्या स्टुडिओवाल्यांना हात आवरायला सांगा. मी सीताबर्डीत काढला, त्या भाऊने प्रेमाने गाल गोरे केले, कपाळावरची खूण पुसली, कानामागे पांढरी रेघ दिसत होती. सिस्टिमने फेकून दिला. दुसऱ्यांदा म्हटलं भाऊ, जसा आहे तसाच राहू दे, लग्नाला नाही दाखवायचा. अन् कागदांचं म्हणाल तर आमच्या बाबांनी काळजीपोटी माझं मूळ आय-७९७ लॅमिनेट करायला नेलं होतं, दुकानदार जेवायला गेला होता म्हणून वाचलं. अशा कागदाला लॅमिनेशन करू नका, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

कॉन्सुलेट कुठलं घ्यायचं? नागपुरात नाही, पण भारतातलं कुठलंही निवडता येतं. मुंबईला बीकेसी, नाहीतर हैदराबाद. आपल्याला हैदराबाद लोक विसरतात, खरं म्हणजे ते जवळ आहे, पाचशे किलोमीटरच्या आसपास, पहाटेची वंदे भारत धरली की दुपारी सिकंदराबाद. मुंबईला रात्रीची दुरांतो, किंवा स्वतःची गाडी असेल तर समृद्धी, ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पूर्ण सुरू आहे, पण मुलाखतीच्या आदल्या रात्री स्वतः गाडी हाणत जाऊ नका. ज्या शहरात आधी स्लॉट मिळेल ते घ्या, हा एकच निकष. ठसे अन् फोटो वेगळ्या सेंटरवर आधी होतात, मुलाखत नंतर, त्यामुळे दोन दिवस अन् एक मुक्काम धराच. आत मोबाइल, लॅपटॉप, स्मार्टवॉच काही नेता येत नाही, सोबत कोणी असेल तर बाहेर थांबवा, नसेल तर फोन हॉटेलवरच ठेवा अन् परतीच्या रिक्षेसाठी सुटे पैसे खिशात.

फाइलमध्ये वरून या क्रमाने: डीएस-१६० चं कन्फर्मेशन, अपॉइंटमेंटचं पत्र, नवे-जुने सगळे पासपोर्ट, आय-७९७, एलसीए (कंपनीने पिटिशनच्या आधी अमेरिकेच्या कामगार खात्याकडून घेतलेला कागद) अन् पिटिशनची कॉपी, कंपनीचं ताजं पत्र, शेवटच्या तीन पे स्लिपा, डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा अन् कापलेल्या कराचा दाखला). बहुतेक वेळा यातलं अर्धंही बघत नाहीत. विचारतात काय, तर कुठली कंपनी, काम काय, पगार किती, किती वर्षं झाली. क्लायंटच्या जागेवर काम करत असाल तर क्लायंटचं पत्र न्याच. उत्तर छोटं द्या. आपल्या लोकांना सवय, पगार विचारला की कॉलेजपासून सुरू करतात.

त्या १ लाख डॉलरच्या फीबद्दलही घरोघरी विचारून राहिले. ती एच-१बी वरची, ट्रम्पच्या सप्टेंबर २०२५ च्या घोषणेतली, मुख्यतः बाहेर असलेल्या लोकांच्या नव्या पिटिशनसाठी. तुमचं एक्स्टेन्शन अमेरिकेत असताना मंजूर झालंय अन् त्याच्यावर तुम्ही फक्त स्टॅम्प घ्यायला आलात तर ती लागत नाही. पण पिटिशन अजून पेंडिंग असताना देश सोडला तर गणित बदलू शकतं, तेव्हा अप्रूव्हल हातात आल्याशिवाय विमानात बसू नका.

मुलाखतीत पासपोर्ट ठेवून घेतला तर बहुतेक काम झालं. २२१(जी) ची चिठ्ठी दिली तर घाबरून दहा जणांना फोन करू नका, चिठ्ठीवर काय मागितलंय ते वाचा अन् तेवढंच, सांगितलेल्या पद्धतीने पाठवा. पासपोर्ट हातात आला की नाव, जन्मतारीख, कॅटेगरी, कंपनीचं नाव अन् स्टॅम्पची शेवटची तारीख तिथेच उभं राहून वाचा, चूक असेल तर प्रवासाच्या आधीच कळवता येते.

अन् परत पोचल्यावर इमिग्रेशनचा काउंटर सोडायच्या आधी, शिक्का मारून तारीख लिहिली असेल तर ती बघा. ऑनलाइन आय-९४ चढायला कधी कधी थोडा वेळ लागतो, बॅगांच्या पट्ट्याजवळ उभे आहात तोवर फोनवर एकदा उघडा, नाही दिसलं तर घरी पोचून रात्री पुन्हा. मावसभावाला मी हेच बजावलंय, पोचल्याचा मेसेज नको पाठवू, आय-९४ चा स्क्रीनशॉट पाठव.